सोलरच्या गरम पाण्याच्या लाइनवर कुठे कोणता व्हॉल्व्ह बसवायचा

दिवाळीच्या तोंडावर जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इकडे सोलर वॉटर हीटर बसवायची घाई सुरू होते. टाकी, काचेच्या नळ्या आणि स्टँड कंपनीची माणसं उभं करून जातात. त्यापुढची लाइन मात्र घरमालक आणि प्लंबर दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरवतात. "एक इंची चार वॉल द्या, दोन एनआरव्ही द्या." (एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह.) मग पहिल्याच थंडीत गरम पाण्याची धार बारीक लागते, थंड नळातून कोमट पाणी येतं, गच्चीवरच्या एअर पाइपमधून (सोलर टाकीची हवा ये-जा करायला उघडा ठेवलेला पाइप) पाणी सांडत राहतं आणि सगळा दोष टाकीवर जातो. टाकी बहुधा ठीकच असते. व्हॉल्व्ह चुकीचा असतो, चुकीच्या जागी असतो, किंवा जिथे काहीच नको तिथे बसवलेला असतो.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने वाचू नका. व्हॉल्व्ह गच्चीवर ठरतो, दुकानात फक्त विकत घेतला जातो.

इथे गृहीत धरलेलं घर असं: बंगला किंवा रो-हाउस, १०० ते ३०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा, बिनदाबाचा सोलर, आणि गच्चीवरच्या टाकीतून उतारानं येणारं पाणी. मोठ्या इमारतीची सामाईक यंत्रणा वेगळी असते. तिला यातलं सगळं लागू पडणार नाही.

टप्पा १ : गच्चीवर जाऊन मोजमाप

टेप, वही आणि पाण्याची एक बाटली घेऊन वर जा.

पहिलं माप उंचीचं. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर वर हवा. तो खाली असेल तर सोलरची टाकी पूर्ण भरणारच नाही आणि कोणताही व्हॉल्व्ह ते दुरुस्त करू शकणार नाही. आधी स्टँड वाढवा. उलट थंड टाकी फारच उंच असेल, जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर वगैरे, तर सोलर टाकीच्या माहितीपत्रकात कमाल किती उंचीचं पाणी चालतं ते बघा. बिनदाबाच्या टाकीला जास्त दाब सोसत नाही. अशा घरात सोलरच्या शेजारी थोडी उंच अशी छोटी फीडर टाकी आणि तिच्यात पितळी बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणारा), हा मार्ग आहे.

दुसरं माप दाबाचं, आणि हेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकीतल्या पाण्याची पातळी तीन-साडेतीन मीटर वर असेल तर तुमच्याकडे जेमतेम ०.३ ते ०.३५ बार आहे. एवढ्याशा दाबात प्रत्येक अरुंद व्हॉल्व्ह, प्रत्येक कडक स्प्रिंग आणि प्रत्येक जादा एल्बो (वळणाचा जोड) जाणवतो. शोरूममध्ये धबधब्यासारखा चालणारा मिक्सर (गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ) घरी ठिबकसारखा चालतो तो यामुळे.

तिसरं, अंतर. सोलरच्या आउटलेटपासून प्रत्येक बाथरूमपर्यंत पाइप किती मीटर पडतो ते लिहा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपमध्ये मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी राहतं, एक इंचीत जवळपास ४३० मिली. म्हणजे १५ मीटरच्या लाइनमध्ये पाऊण इंचीला चार लिटरच्या आत, तर एक इंचीला साडेसहा लिटर थंड पाणी आधी निघून जाणार. जिथे नळ चार-आठ दिवसांनी येतो तिथे रोज सकाळी हे पाणी मोरीत सोडणं परवडत नाही. पाइप जाड घेतला की धार वाढते, पण वायाही जास्त जातं. दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा.

चौथं, पाणी. बोअरचं, पालिकेचं, की दोन्ही एकाच टाकीत? बाटलीतला नमुना तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारता येईल. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. तुमचा आकडा ३००च्या वर गेला तर पुढची निवड बदलते, कारण पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि गरम लाइनवरच्या व्हॉल्व्हमध्ये खपली धरतं.

तपासणी: घरात प्रेशर पंप आहे का, किंवा पुढे लावायचा विचार आहे का? हे आत्ताच लिहून ठेवा. पंप नंतर आला तर खालची अर्धी निवड रद्द होते.

टप्पा २ : कागदावर लाइन

चौकोन काढून थंड टाकी, सोलर टाकी, गिझर, बाथरूम, किचन असं मांडा आणि रेषा जोडा. मग व्हॉल्व्हच्या जागांवर खुणा करा:

- थंड टाकीतून सोलरला जाणारी स्वतंत्र लाइन: एक बॉल व्हॉल्व्ह, एक युनियन (पाइप न कापता सोडता येणारा जोड), एक एनआरव्ही
- सोलर टाकीचा तळ: ड्रेनचा बॉल व्हॉल्व्ह
- एअर पाइप: काहीही नाही
- गरम आउटलेट: एक बॉल व्हॉल्व्ह, पण एअर पाइपच्या जोडानंतर
- प्रत्येक बाथरूमची गरम शाखा: एक बंद करायचा व्हॉल्व्ह
- मिक्सरजवळ: गरजेप्रमाणे

थंड टाकीवरची भोकं याच वेळी ठरवा. घराच्या थंड नळांचं आउटलेट खाली आणि सोलरच्या फीडचं आउटलेट त्याच्यापेक्षा चार-सहा इंच वर ठेवा. टाकी संपत आली की सोलरचा फीड आधी बंद पडतो, म्हणून आंघोळ करताना गरम पाणी आधी आटतं. उलटं केलं तर थंड आधी संपतं आणि डोक्यावर निव्वळ गरम पाणी येतं. टाकी सारखी रिकामी होणाऱ्या आपल्या गावांत ही गोष्ट फुकटची सुरक्षा आहे, पण टाकीला भोक पाडणारा माणूस ती विचारत नाही.

टप्पा ३ : थंड फीड, आणि एनआरव्ही कोणता

क्रम पाण्याच्या दिशेने असा: थंड टाकी, बॉल व्हॉल्व्ह, युनियन, एनआरव्ही, सोलर टाकी. हा क्रम बदलू नका; त्याचा उपयोग टप्पा ९ मध्ये दिसेल.

बॉल व्हॉल्व्ह फुल बोअर घ्या. उघडा करून आरपार बघा: आतल्या बॉलचं भोक पाइपच्या भोकाएवढं दिसलं पाहिजे. स्वस्त एक इंची व्हॉल्व्हमध्ये भोक पाऊण इंचाचं निघतं. पंपाच्या लाइनवर ते खपून जातं, उताराच्या लाइनवर नाही.

एनआरव्ही का हवा? सोलरचा फीड घराच्या थंड लाइनवरूनच काढलेला असेल, थंड टाकी रिकामी झाली आणि खाली कुणी थंड नळ उघडा ठेवला, तर सोलर टाकीतलं गरम पाणी थंडच्या लाइनने उलटं ओढलं जातं. टाकी उतरते, काचेच्या नळ्या कोरड्या पडतात, उन्हात तापत राहतात. संध्याकाळी नळ आला, टाकी भरली आणि त्या तापलेल्या नळ्यांत थंड पाणी शिरलं की काच तडकते. रोज पाणी येणाऱ्या शहरात हे क्वचित घडतं. आपल्याकडे पाण्याच्या पाळ्यांमुळे वारंवार घडतं.

प्रकार निवडताना:

- उताराच्या कमी दाबाला स्विंग, म्हणजे आत झडप असलेला एनआरव्ही. स्प्रिंगचा घेतला तर तुमच्याकडे असलेल्या तुटपुंज्या दाबातला काही भाग स्प्रिंग ढकलण्यातच जातो.
- झडपेचा एनआरव्ही आडव्या पाइपवर, टोपण वर करून बसवा. उभ्या पाइपवर पाणी वर चढत असेल तरच चालतो. पाणी खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपवर झडप लटकून उघडीच राहते. तिथे एनआरव्ही असून नसल्यासारखा.
- अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने.
- टाकीला अगदी चिकटवून नको, हातभर तरी लांब. शिवाय फीडचा पाइप खालून येऊन टाकीत वर शिरेल असा वाकवा, म्हणजे गरम पाणी उतरून पाइपमध्ये मागे पसरत नाही आणि एनआरव्हीची सीट (झडप टेकते ती जागा) तापत नाही.

इशारा: शेतात ठिबकचं उरलेलं सामान प्रत्येकाच्या घरी पडलेलं असतं. त्यातला पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह थंड टाकीच्या तोंडाशी चालेल. एनआरव्हीच्या पुढे, सोलरच्या बाजूला तो नको. साधं यूपीव्हीसी ६० अंशांच्या वर टिकत नाही.

टप्पा ४ : एअर पाइप, जिथे काहीही बसवायचं नाही

हा टप्पा लहान आहे, पण चुकला तर टाकी जाते.

२०० लिटर पाणी २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापलं की ते सुमारे ५ लिटरने फुगतं. मागे एनआरव्ही आहे, पुढे नळ बंद आहेत. फुगलेल्या पाण्याला जायला एकच वाट उरते, एअर पाइप. ती वाट बंद झाली तर टाकी फुगते किंवा शिवणीतून गळते. आणि पाणी ओढलं जाताना वरून हवा आली नाही तर टाकी आत चेपते.

म्हणून एअर पाइपवर व्हॉल्व्ह नाही, प्लग नाही, "पाणी सांडतं म्हणून" बसवलेली टोपी नाही. ठिबकच्या फिल्टरवरचा एअर व्हॉल्व्ह इथे बसवण्याची कल्पना आपल्याकडे बऱ्याच जणांना सुचते. तो हवा सोडतो, पण पाणी वर आलं की आतला गोळा तोंड बंद करतो. फुगलेलं पाणी अडकलंच.

पाइपचं वरचं तोंड थंड टाकीच्या पूर्ण भरलेल्या पातळीपेक्षा फूटभर वर न्या, खाली वाकवा आणि मोठ्या भोकांची जाळी लावा. कुंभारमाशी असल्या तोंडात मातीचं घर बांधते, तेव्हा जाळी वर्षातून एकदा तरी बघायची.

तपासणी: गरम आउटलेटवरचा पहिला व्हॉल्व्ह बंद केला, तरी टाकी आणि एअर पाइप यांच्यामध्ये मोकळी वाट राहते ना? राहत नसेल तर व्हॉल्व्हची जागा चुकली.

टप्पा ५ : गरम आउटलेट

मे महिन्यात इकडे पारा ४५च्या आसपास जातो, त्या दिवसांत कुणी गरम पाणी वापरत नाही आणि टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ पोचतं. व्हॉल्व्ह त्या दिवसासाठी निवडायचा, डिसेंबरसाठी नाही.

सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंशांच्या आसपास सांगितली जाते, आणि तापमान वाढतं तशी दाब सोसायची ताकद कमी होते. टाकीपासून पहिला मीटरभर पाइप आणि पहिला व्हॉल्व्ह धातूचाच ठेवा: जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप आणि पितळी किंवा गनमेटल बॉल व्हॉल्व्ह, आत पीटीएफईची (टेफ्लॉनची) सीट. तिथून पुढे सीपीव्हीसी घ्या, आयएस १५७७८चा शिक्का बघून.

गेट व्हॉल्व्ह की बॉल व्हॉल्व्ह, हा वाद दुकानात नेहमी होतो. जुने प्लंबर गेटच्या बाजूने असतात. माझं मत साफ आहे: जड (कठीण) पाण्याच्या गरम लाइनवर बॉल. गेट व्हॉल्व्हच्या खाचेत खपली साचली की पाचर तळाला टेकत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नाही. बॉल व्हॉल्व्हही न हलवता ठेवला तर जाम होतो, पण दोन महिन्यांनी एकदा उघड-बंद केला की वर्षानुवर्षं चालतो. गेटच हवा असेल तर आयएस ७७८चा गनमेटल घ्या.

दोन्हींपैकी कोणताही व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून धार कमी करू नका. बॉलची सीट एका बाजूने झिजते, गेटची पाचर थरथरते. धार कमी-जास्त करायला ग्लोब पद्धतीचा स्टॉप कॉक किंवा अँगल कॉक असतो, तो नळाजवळ बसवा. मुख्य उतारावर ग्लोब नको, तो पाण्याला दोनदा वळवतो आणि दाब खातो.

पाइप वाढण्याची जागा ठेवा. सीपीव्हीसीचा १० मीटर पाइप ५० अंशांच्या फरकाने सुमारे ३ सेंटीमीटर लांबतो. दोन्ही टोकं भिंतीत पक्की आणि मध्ये जड पितळी व्हॉल्व्ह लटकलेला असेल तर तडा व्हॉल्व्हच्या सांध्यातच जातो. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा, वजन भिंतीवर जाऊ द्या. लांब सरळ पाइपला मध्ये एक वळसा द्या. उघड्यावरच्या पाइपला फोमचं आवरण आणि वर ऊन अडवणारी टेप हवी. आपल्या उन्हात नुसता फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतो.

टप्पा ६ : बाथरूममधला मिक्सर

निम्म्या तक्रारी इथल्या असतात.

मिक्सरमध्ये गरम आणि थंड एकत्र येतात. दोन्हींचा दाब सारखा असेल तर ठीक. थंडचा दाब जास्त असेल तर थंड पाणी मिक्सरमधून गरमच्या लाइनमध्ये शिरतं, वर चढत सोलर टाकीत जातं आणि एअर पाइपमधून गच्चीवर सांडतं. घरमालक म्हणतो टाकी गळते. याची सर्वांत सोपी खूण: कुणी आंघोळ करत असतानाच एअर पाइप वाहतो का, हे बघा.

हेल्थ फॉसेटसारख्या (संडासातला हातात धरायचा फवारा), टोकाला बंद होणाऱ्या फिटिंगमध्ये हे हमखास होतं. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि बाहेरची वाट बंद, म्हणजे दोन्ही लाइन आतून जोडलेल्या. असं फिटिंग शक्य असेल तर नुसत्या थंडवर घ्या.

उपाय दाबाच्या फरकावर अवलंबून आहेत.

दोन्ही लाइन उताराच्या आणि एकाच टाकीतून असतील तर फरक थोडा असतो. मिक्सरच्या दोन्ही इनलेटवर कमी दाबाचा एनआरव्ही पुरतो.

थंड लाइन प्रेशर पंपावर आणि गरम उतारावर असेल तर एनआरव्ही लावून पाणी टाकीत जाणं थांबेल, पण गरम पाणी येणंही थांबेल, कारण थंडचा दाब त्याला दाबून धरतो. इथे व्हॉल्व्ह शोधत बसू नका. पंप दोन्ही लाइनवर घ्या, गरमसाठी गरम पाण्याला चालणारा पंप सोलरच्या पुढे लावून; नाहीतर आंघोळीच्या मिक्सरची थंड बाजूही पंपावरून काढून उतारावर टाका.

इशारा: प्रेशर पंपाची लाइन बिनदाबाच्या सोलर टाकीच्या फीडला कधीही जोडू नका. मध्ये कोणताही व्हॉल्व्ह असला तरी नाही.

घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हचा विचार करा. ६० अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजते, मुलाची त्याहून लवकर, आणि सोलरमध्ये दुपारनंतर ७०-८० अंश सहज असतात. हा व्हॉल्व्ह ठरवलेल्या तापमानाचं पाणी देतो. ४० अंशांच्या आसपास लावला की आंघोळीला पुरतं. मात्र घेताना तीन गोष्टी बघा. माहितीपत्रकात किमान दाब किती लिहिला आहे: अनेकांना ०.५ किंवा १ बार लागतो आणि तुमच्याकडे ०.३ आहे, तेव्हा कमी दाबाचाच मागा. दोन्ही इनलेटवर एनआरव्ही आणि जाळी आहे का. आणि तो उघडून साफ करता येतो का, कारण जड पाण्यात वर्षाला एकदा ते करावंच लागतं. टाइल्समागे गाडलेला घेऊ नका.

(मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं "थंड" पाणीच चाळिशी गाठतं. तेव्हा कुठलाही मिक्सिंग व्हॉल्व्ह थंड पाणी बनवून देणार नाही.)

टप्पा ७ : गिझरशी जोड

पावसाळी ढगाळ आठवड्यासाठी लोक सोलरच्या पुढे गिझर जोडतात. त्यासाठी तीन व्हॉल्व्हची बायपास रचना सर्रास केली जाते: एक गिझरच्या आत जाताना, एक बाहेर येताना, एक दोघांना टाळून सरळ.

सोलर चालू असताना सरळचा उघडा, बाकी दोन बंद. गिझर लावताना उलटं. कागदावर सोपं आहे; सकाळी साडेसहाला घाईत कोणता कुठे फिरवायचा हे घरातल्या सगळ्यांना आठवत नाही. गिझरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि गिझरचं बटण चालू, ही स्थिती धोक्याची आहे. म्हणून रोजच्या वापरात बायपास टाळावा असं मला वाटतं. साठवणीचा गिझर सोलरच्या पुढे सरळ ओळीत जोडा आणि थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवा. पाणी गरमच आलं तर गिझर पेटतच नाही. आत जाण्याच्या बाजूला सर्व्हिसिंगसाठी एक बॉल व्हॉल्व्ह पुरतो.

बायपास केलाच तर:

- तिन्ही हँडलवर रंगाने खूण करा आणि भिंतीवर दोन ओळी लिहा.
- गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करायच्या व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्येच हवा. तो बाहेर राहिला तर निरुपयोगी.
- त्याच्या थेंब पडणाऱ्या तोंडाला बूच मारू नका. नळी लावून मोरीत सोडा.

गिझरसोबत येणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगचा एनआरव्हीही असतो, आणि उताराच्या लाइनवर तो धार कमी करतो. म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. ते करू नका. कमी दाबाला चालणारा कंपनीकडून मागा.

प्लास्टिक टाकीच्या तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरमध्ये सोलरचं पाणी सोडण्याआधी इनलेटला किती तापमान चालतं ते बघा. लिहिलेलं नसेल तर जोडू नका.

टप्पा ८ : आता दुकान

यादी घेऊन जा, नग आणि मापासकट. काउंटरवर हातात घेऊन बघायच्या गोष्टी:

वजन. एकाच मापाचे दोन व्हॉल्व्ह दोन हातांत धरा. हलका म्हणजे भिंत पातळ. आटे मोजा, चार-पाच पूर्ण आटे नसतील तर पाना लावताच तोंड फाकतं. हँडल चार वेळा फिरवा, सगळीकडे सारखं जड लागलं पाहिजे. गरम लाइनसाठी हँडल धातूचं, लांब दांडीचं घ्या. दांडी पाइपला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद, हे लांबून दिसतं. गच्चीवर प्लास्टिकचं हँडल उन्हानं कडकडतं.

हलक्या पितळेतलं जस्त गरम, क्षारयुक्त पाण्यात झिरपून जातं. वर्षा-दोन वर्षांनी अंगावर तांबूस-गुलाबी डाग आणि पांढरी पूड दिसली तर तो व्हॉल्व्ह आतून सच्छिद्र झाला असं समजा.

सीपीव्हीसीला धातूचा व्हॉल्व्ह जोडायला पितळी आट्यांचे एमटीए-एफटीए (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड) घ्या. प्लास्टिकच्या एफटीएत धातूचा आटा घट्ट केला की गरम पाण्याने तो उभा चिरतो.

टप्पा ९ : बसवण्याचा क्रम आणि पहिलं पाणी

१. आधी थंड टाकी धुवा. तळातली रेती पहिल्याच दिवशी व्हॉल्व्हच्या सीटवर बसते.

२. टाकीकडून नळाकडे या, उलट नको. प्रत्येक धातूच्या व्हॉल्व्हशेजारी युनियन टाका, म्हणजे बदलताना पाइप कापावा लागणार नाही.

३. जीआयच्या आट्यांना सुतळी-सफेदा चालतो, सीपीव्हीसीच्या आट्यांना फक्त टेफ्लॉन टेप. टेप आट्याच्या दिशेने गुंडाळा.

४. सोल्युशनने (पाइप चिकटवायच्या द्रावाने) जोड करताना जवळचा बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि सोल्युशन कमी लावा. आत ओघळलं तर बॉल चिकटतो.

५. मिक्सर बसवायच्या आधी लाइन उघड्या तोंडाने बादलीत सोडून धुवा. मग जाळ्या आणि मिक्सर.

६. जोड सुकायला २४ तास द्या, तोवर गरम पाणी लाइनमध्ये सोडू नका.

७. सोलर टाकी पहाटे भरा. ऊन लागलेल्या कोरड्या नळ्यांत पाणी सोडायचं नाही. दिवसा भरायचीच वेळ आली तर नळ्या आदल्या रात्रीपासून गोणपाटाने झाकलेल्या असाव्यात.

८. भरताना सगळ्यात लांबचा गरम नळ उघडा ठेवा. फडफड थांबून सलग धार आली म्हणजे हवा निघाली.

पाणी भरल्यावर तीन तपासण्या, याच क्रमाने.

एनआरव्हीची: थंड फीडचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा, युनियन हळूच सैल करा. पाइपमधलं थोडं पाणी येऊन थांबलं तर एनआरव्ही धरतो आहे. वाहतच राहिलं तर झडप उलटी आहे किंवा तिच्यात कचरा आहे. हे पहाटेच करा, दुपारी त्या पाण्यानं हात भाजेल.

मिक्सरची: बाथरूमच्या थंड लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून थंड नळ उघडा, मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवा, त्याचं तोंड नळाच्या पातळीपेक्षा वर असेल याची काळजी घ्या. थंड नळातून पाणी वाहत राहिलं तर ते गरम लाइनमधून येतं आहे.

एअर पाइपची: पहिल्या कडक उन्हाच्या दुपारी वर जाऊन बघा. थेंब-थेंब किंवा वाफ चालते. धार लागली असेल तर पाइपचं तोंड थंड टाकीच्या पातळीपेक्षा खाली आहे किंवा कुठूनतरी दाबाचं पाणी येतंय.

टप्पा १० : नंतर

दोन महिन्यांनी एकदा सगळे बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद, पूर्ण उघडे. जाम झालेल्या हँडलवर पाइप घालून जोर लावू नका, दांडा आत तुटतो. युनियन सोडून व्हॉल्व्ह काढा आणि सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड द्यायची सवय असलेले शेतकरी तेच ॲसिड सोलर टाकीत ओतायला निघतात. ते पितळ आणि टाकीचं अस्तर दोन्ही खातं.

ड्रेनचा व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा, पहाटे, पाणी स्वच्छ येईपर्यंत उघडा. बंद केल्यावर त्याच्या तोंडाला पितळी प्लग लावा. खपलीमुळे हा व्हॉल्व्ह सगळ्यात आधी पाझरतो.

प्लंबरला बोलावण्याआधी ओळखायच्या काही खुणा:

"पानी काब्र उनं नही?" (पाणी का आलं नाही?) असं वरच्या मजल्यावरून ऐकू आलं आणि फक्त गरमच येत नसेल, थंड ठीक असेल, तर आधी मिक्सरच्या गरम बाजूची जाळी काढून बघा. ती स्वच्छ असेल तर लाइनमध्ये हवा अडकली आहे: पाइप मध्येच वर चढून उतरला असेल त्या जागी.

सकाळी गरम, तासाभरात कोमट, आणि वापर मात्र थोडाच: दुसऱ्या बाथरूमच्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये मिसळतंय. एकेका शाखेचा व्हॉल्व्ह बंद करत जा, दोषी बाथरूम सापडेल.

रात्री थंड टाकीकडून येणारा फीडचा पाइप हाताला गरम लागतो: एनआरव्ही धरत नाही किंवा फीडला खालचा वळसा दिलेला नाही.

नवीन व्हॉल्व्ह बसवल्यापासून धार कमी झाली: तो काढून आरपार बघा. बहुधा फुल बोअर म्हणून दिलेला व्हॉल्व्ह फुल बोअर नसतो. बिल ठेवलं असेल तर बदलून मिळतो.